पोपटी आणि वापीचा फोन

दिवाळीपासून आबाजी आणि त्यांचा मुलगा मनोज यांच्यात अबोला होता. अबोला म्हणजे बोलणं बंद होतं असं नव्हे; उलट पूर्वीपेक्षा वाढलंच होतं. फक्त ते सगळं आरोहीमार्फत चालायचं.

"आरोही, तुझ्या बापाला सांग, मोटरचा पट्टा तुटलाय." बाप त्याच ओटीवर बसलेला असायचा.

"आरोही, आजोबांना सांग, नवा आणलाय."

आरोही सहावीत होती. पहिल्या आठवड्यात तिने इकडचं तोंड तिकडे करून निरोप खरोखर पोचवले. पुढे पुढे ती पुस्तकातून मान वर न करता नुसतं "सांगितलं" म्हणे, आणि दोन्ही पक्षांचं समाधान होई.

कारण जावयाचं होतं, पण जावयाचा दोष नव्हता. कुंभिवलीची कंपनी पावसाळ्याच्या तोंडाला बंद पडली आणि मनोज घरी बसला. भाऊबीजेला पनवेलहून लेक पारू आणि जावई हर्षदराव आले, ते वापीच्या नोकरीची बातमी घेऊनच. ओळखीच्या साहेबाकडे जागा होती. आबाजींनी उभं आयुष्य कर्जत डेपोत कंडक्टरकी केलेली. महिन्याच्या महिन्याला पगार नसलेला माणूस आणि तिकीट न काढलेला प्रवासी यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. ते भरल्या ताटावर म्हणाले, "जा की मग. घरात बसून कोन मोठा झालाय?"

मनोज अर्धी करंजी ताटात टाकून उठला.

गंमत अशी, की मनोजने वापीला जाऊ नये असं घरात सगळ्यांत जास्त कोणाला वाटत असेल, तर ते आबाजींनाच. ते कोणाला ठाऊक नव्हतं. बायकोला, सोनाबाईंनासुद्धा नाही, म्हणजे त्यांना होतं, पण आबाजींना तसं वाटत नव्हतं. आता बोललेला शब्द मागे घ्यायचा कसा? एकदा फाडलेलं तिकीट आबाजींनी कधी परत घेतलं नव्हतं.

आणि आज साहेबाला उत्तर द्यायचं होतं. संध्याकाळी फोन येणार, हो किंवा नाही सांगायचं. त्यासाठीच पारू आणि हर्षदराव आले होते. पण मनोजने मधल्या काळात एक वेगळंच खूळ काढलं होतं. कशेळ्याच्या पुढे जी फार्महाऊस झालीत, त्यातल्या एकाचा कारभार साईनाथ बघतो. शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे. मनोज त्याला म्हणाला होता, पाहुण्यांना आमच्या शेतातली पोपटी करून घालतो, मडक्यात भाजलेली, वाल आमचे, कोंबडी आमची. साईनाथ म्हणाला, आधी मला खाऊ घाल, मग बोलू. तो आज चारला येणार होता. पोपटी जमली तर मनोज राहणार, नाही तर वापी. हे मनोजने बायकोला, सुरभीला सांगितलं, सुरभीने सासूला, सासूने पारूला, आणि आबाजी ते पडवीत पडल्या पडल्या तिन्ही वेळा ऐकून बसले होते.

शेत गावाबाहेर होतं. भात कापल्यावर त्याच ओलीवर मनोजने वाल टोकले होते. कंपनीत असताना वर्षातून एकदा शेत बघायला येणारा हा माणूस कार्तिकापासून रोज सकाळी इथे येत होता. आबाजी ओटीवरून त्याचं जाणं बघत आणि तो वळला की तोंड फिरवत. आज वेल शेंगांनी लवले होते. आबाजींनी एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकला. गोड होता. त्यांनी तो कडू असल्यासारखं तोंड केलं, कारण मनोज बघत होता.

"वा, काय हवा आहे!" हर्षदराव आंब्याखाली दोन्ही हात पसरून म्हणाले. हर्षदराव मनाने चांगले होते. त्यांनी सकारात्मक विचारांचं एक शिबिर केलं होतं, आणि तेव्हापासून आबाजींच्या फोनमध्ये रोज पहाटे एक सूर्य उगवे. त्याच्याखाली एक वाक्य असे. कालचं वाक्य होतं, 'अपयश म्हणजे यशाने घेतलेली सुट्टी.' आबाजींनी ते वाचून अंगठा पाठवला होता. सगळ्यांनाच पाठवत.

"हर्षदराव, ती टोपली सावलीत घ्या," मनोज म्हणाला.

टोपलीत शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी होती. सोनाबाईंनी घरूनच तिच्यावर ओलं फडकं घालून दिलं होतं, माश्या नकोत म्हणून. हर्षदरावांनी टोपली आंब्याच्या बुंध्याशी, दुसऱ्या रिकाम्या मडक्याच्या मागे नेऊन ठेवली. सोनाबाई आणि सुरभी भाकऱ्या करून मागाहून यायच्या होत्या. पारू आरोहीला घेऊन बांधावर फोटो काढत होती. म्हणजे नेमकी कामाच्या वेळी निरोप पोचवणारी जाग्यावर नव्हती.

या घरात पोपटीची वाटणी ठरलेली. मडक्याच्या तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा, बांधावरच्या त्या वासाच्या रानझुडपाचा, पाला आबाजी लावणार. मध्ये शेंगा, मीठ, ओवा आणि बाकी सगळं मनोज भरणार. मग वरून तोंड पाल्याने गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. जे शिजतं ते त्या पाल्याच्या वाफेवर. आबाजींनी तळ लावला, कडेने लांब दांडे उभे केले आणि त्यांचे शेंडे तोंडाबाहेर काढून ठेवले, नंतर आत दुमडायला. तेवढ्यात त्यांना तंबाखूची तल्लफ आली. खरं तर मनोज मडक्याकडे येताना दिसला, म्हणून आली. ते बांधापलीकडे गेले.

मनोज आला. बघतो तर मडक्याच्या तोंडातून हिरवागार पाला वर आलेला. 'झालं,' तो मनाशी म्हणाला, 'आपल्याला विचारायला नको, सगळं स्वतःच भरलं. मीठ किती टाकलं देव जाणे.' पण विचारणार कोणाला? आरोही बांधावर. त्याने शेंडे आत दुमडले आणि वरून आणखी पाला कोंबला.

आबाजी तंबाखू मळत परत आले, तर मनोज तोंड बंद करतोय. 'भरलं वाटतं,' ते मनाशी म्हणाले. 'ओवा घातला का, कोण विचारणार!' त्यांनी आपल्या वाटची एक मूठ वरून दाबली. बापाचा हात लागला पाहिजे.

"हर्षदराव, उचला आणि पालथं घाला," मनोज म्हणाला.

हर्षदरावांनी मडकं उचललं. ते सहज उचललं गेलं. त्यांना वाटलं, पहाटेच्या व्यायामाचा गुण येतोय. ते पारूला ओरडून म्हणाले, "बघितलंस? एका हाताने!"

मडकं जमिनीवर पालथं झालं. भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचला, आणि साईनाथची मोटरसायकल बांधाशी लागली तेव्हा जाळ चांगला माथ्यापर्यंत गेला होता.

साईनाथ चाळिशीचा, गळ्यात दोन मोबाईल अडकवलेला माणूस. "काय वास सुटलाय रं!" तो चटईवर बसत म्हणाला.

"भांबुर्डा," आबाजी म्हणाले. "आमच्या बांधाचा."

तेवढ्यात सोनाबाई आणि सुरभी भाकऱ्या घेऊन आल्या. सुरभी कर्जतला दातांच्या दवाखान्यात कामाला जाते. तोंड उघडून घाबरून बसलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची तिला सवय. तिने नवऱ्याकडे एकदाच बघितलं. त्याने डोळ्यांनी 'होईल' म्हटलं. मग कांदा फोडला, लिंबं कापली, पेपर पसरले. हर्षदराव साईनाथला सांगू लागले की मेंदू आणि मडकं यांत फारसा फरक नाही, आत जे घालाल तेच शिजून बाहेर येतं. साईनाथ मान डोलवत राहिला.

जाळ उतरला. मनोजने मडक्यावर पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडून गेले.

"शिजली!" सोनाबाई म्हणाल्या.

मनोजने काठीने मडकं बाहेर ओढलं, पोत्यात धरून पेपरवर आणलं आणि तोंडाचा पाला काढला. वाफेचा लोट आला. सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. त्याने मडकं उलटं केलं.

पाला पडला. मग आणखी पाला पडला. मग खालचा पाला पडला, तो थोडा करपलेला होता. मनोजने मडकं हलवलं. एक दांडा राहिला होता, तोही पडला.

साईनाथच्या हातात लिंबाची फोड होती. ती त्याने, काय करावं न सुचून, पाल्यावर पिळली.

"ही शाकाहारी का?" त्याने विचारलं.

सोनाबाई उठल्या, आंब्याच्या बुंध्याशी गेल्या आणि ओलं फडकं उचललं. शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, सगळं घरून निघालं तसं होतं. त्या कंबरेवर हात ठेवून वळल्या. "मडकं भरलं कुनी?"

"आबांनी," मनोज म्हणाला.

"मन्याने," आबाजी म्हणाले.

"विचारलं नाय एकमेकांना?"

दोघेही आरोहीकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" आरोही म्हणाली. "मला कुणी काही सांगितलंच नाही!"

पहिली हसली पारू. तोंडात पदर कोंबून थांबवायला गेली आणि जास्तच हसली. "अहो," ती हर्षदरावांना म्हणाली, "एका हाताने!" मग सुरभी. साईनाथला आधी पाहुणा म्हणून हसता येईना, मग त्याला राहवेना. आबाजी मात्र मनोजकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं आता काय होणार. कंपनी बंद पडली तेव्हा हाच मनोज घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो महिनाभर. आताही तो उठेल, काही न बोलता घरी जाईल, आणि संध्याकाळी वापीचा फोन आला की हो म्हणेल. आणि त्याला आपण कारण. एक मूठ वरून दाबायला आपलेच हात गेले होते.

मनोज उठला. पण घराकडे गेला नाही. टोपलीपाशी जाऊन त्याने शेंगा चाचपून बघितल्या.

"काय सुद्धा वाया गेलं नाय," तो म्हणाला. "एका मडक्याचा पाला तेवढा गेला. साईनाथदादा, बसा. पुन्हा लावतो."

"पाला कुठाय?" सुरभीने विचारलं. "आणलेला सगळा तर..."

खरंच नव्हता. सगळा मडक्यात गेला होता.

"आणतो." मनोजने कोयता घेतला. दोन पावलं गेला, थांबला, आणि आरोहीकडे न बघता म्हणाला, "आबा, चला. मला चांगला ओळखता येत नाय, तुमाला येतो."

आबाजी इतक्या चटकन उठले की सोनाबाईंनी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

वरच्या बांधाला भांबुर्डा दाट होता. बाप कोवळा बघून दाखवत होता, मुलगा कापत होता.

"वापीला भांबुर्डा मिळतो का रं?" आबाजींनी विचारलं.

"मिळत असंल. काय म्हाईत."

"नाय मिळत," आबाजी ठामपणे म्हणाले. त्यांनी वापी पाहिलेली नव्हती.

मनोजने कोयता थांबवला. "सरळ बोला ना, आबा."

"सरळच बोलतोय." त्यांनी एक दांडा उगाच चुरगळून हुंगला. "नको जाऊस."

"तुमीच म्हणालात ना, जा म्हणून?"

"म्हणालो. माणूस ताटावर काय काय म्हणतो. तू लगेच करंजी टाकून उठायचं?"

मनोजला हसू आलं. त्याने ते दाबलं नाही. बांधावर बसला, पाल्याचा भारा मांडीवर घेऊन.

"एक सांगू आबा? मडकं उलटं केलं ना मघाशी, मला वाटलं, आता छातीत धडधडणार. कंपनीच्या गेटवर नोटीस वाचली तवा झालं होतं तसं. हात गार पडले होते. आज वाट बघत होतो, कवा होतंय. झालंच नाय."

"मग काय झालं?"

"भूक लागली."

आबाजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. दिवाळीपासून पहिल्यांदाच. रापला होता. हाताला कोयत्याचे घट्टे पडले होते. आवाज मात्र पूर्वीचा होता, कंपनीच्याही आधीचा, शाळेतून पळत येऊन भाकर मागणाऱ्याचा.

"पयला महिना मी पडून होतो," मनोज म्हणाला. "मग एक दिवस आरोही म्हणाली, बाबा, मला शाळेपर्यंत सोडा. तेवढंच. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. म्हणजे रोज उठावं लागलं, दाढी करावी लागली. परत येताना रस्त्यात शेत लागायचं. नुसतं येऊन बसायचो. मग बसल्या बसल्या गवत काढायला लागलो. मी काय ठरवून केलं नाय काही. हर्षदरावांच्या त्या सूर्यावर सुद्धा लिवलेलं नसतं तसलं."

"त्याच्या सूर्यांना नावं ठेवू नको. मनाचा चांगला माणूस हाय."

"तुमीच ठेवता रोज."

"माझं वेगळं. मी सासरा हाय."

आबाजी देवाला फारसा त्रास देणारे नव्हते. त्यांचा नमस्कार गणपती आणि पेन्शन एवढ्यापुरता. पण त्या बांधावर त्यांना मनापासून वाटलं की कोणाला तरी हात जोडावेत. कोणाला ते कळेना, म्हणून त्यांनी भारा उचलून डोक्यावर घेतला. मनोज "द्या इकडं" म्हणाला, पण त्यांनी दिला नाही.

खाली आले तर हर्षदराव फोनवर. "नाही साहेब, तो जरा शेतात गेलाय... पाला आणायला... हो हो, पाला. झाडाचा... साहेब, नोकरी चांगलीच आहे, मीच आणली ना. पण तोच तुम्हाला फोन करेल. घाई नका करू त्याला." पारूने नवऱ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

दुसरं मडकं लागलं. या वेळी मात्र इतकं बोलणं झालं की विचारू नका. "तळ लावला!" "लावला का?" "लावला!" "शेंगा टाकतोय!" "टाक!" "ओवा?" "हा बघ ओवा!" सोनाबाई शेवटी म्हणाल्या, अबोला बरा होता. हर्षदराव उचलायला गेले, दोन्ही हात लावले, आणि "आता आहे वजन" एवढंच बोलले.

जाळ पेटला आणि साईनाथचा एक मोबाईल वाजला. पाहुणे आले होते, किल्ली त्याच्या खिशात. तो उठला. "मनोज, मी थांबलो असतो रं. खरंच. पण जावं लागंल."

सुरभीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आबाजींना वाटलं, गेलं.

"जा तुमी," मनोज म्हणाला. "पाहुण्यांना सांगा, जेवण दमानं करा. शिजली की मडक्यासकट घेऊन येतो. तिथंच तुमच्यासमोर फोडतो."

"एवढ्या लांब? गरम मडकं?"

"आबा धरतील," मनोज म्हणाला. आबांना त्याने विचारलं नव्हतं. आबांना ते फार आवडलं.

दिवेलागणीला कशेळ्याच्या रस्त्याने एक स्कूटर चालली होती. पुढे मनोज, मागे आबाजी, आबाजींच्या मांडीवर तीन पोत्यांत गुंडाळलेलं मडकं. पौषाची थंडी कानाला झोंबत होती आणि पोटाशी जाळाची ऊब होती. खड्डा आला की आबाजी दोन्ही हातांनी मडक्याला मिठी मारत. एवढ्या जपून त्यांनी आयुष्यात कॅशबॅगसुद्धा सांभाळली नव्हती.

"भाजतंय का?" मनोजने विचारलं.

"थोडं."

"थांबू?"

"चल तू."

फार्महाऊसच्या हिरवळीवर पाहुणे कोंडाळं करून उभे होते. मनोजने पेपर पसरला, पाला काढला, मडकं उलटं केलं. शेंगा पडल्या, बटाटे पडले, अंडी गडगडली, केळीच्या पानातून मसाल्याची वाफ आली. जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई बोटं भाजत शेंगा सोलू लागल्या, त्या थांबेचनात. साईनाथने एक शेंग खाल्ली, दुसरी खाल्ली, मग कोंबडीचा तुकडा घेतला आणि जरा बाजूला गेला. आबाजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पाठीवरून काही कळत नव्हतं.

तो परत आला ते हाड चोखतच. "वाल कवापर्यंत हायेत?"

"होळीपर्यंत," मनोज म्हणाला.

"मग होळीपर्यंत दर शनिवारी. दोन मडकी."

परतताना कशेळ्याच्या नाक्यावर दोघांनी चहा घेतला. आबाजींना काळजी करायची जुनी सवय. ती सुखातही सुटेना. "आणि होळीनंतर रं?"

"होळीनंतर रोपांच्या जागेवर राब भाजायचा, भात पेरायचं. मधल्या काळात काय ते बघू. सुरभीचा पगार हाय, कोंबड्या हायेत. सुटंल काहीतरी."

कंपनीत असताना 'बघू' हा शब्द त्याच्या तोंडात कधी नव्हता. तेव्हा सगळं ठरलेलं असायचं, आणि ठरलेलं मोडलं की तोही मोडायचा. आबाजींनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

मनोजने फोन काढला आणि वापीला स्वतः लावला. बाजूने जीप जात होत्या, पण एकेक शब्द आबाजींना ऐकू येत होता. "नमस्कार साहेब. मनोज बोलतोय... नाय साहेब, येत नाय मी. इकडं थोडं काम सुरू झालंय... नाय नाय, लहानच हाय... तुमी ओळख ना पाळख, माझ्यासाठी जागा धरून ठेवलीत, उपकार झाले. खरंच सांगतो, फार वाईट दिवस होते ते. कुनीतरी आपल्याला बोलावतंय एवढ्यावर मी दिवाळी काढली... हो साहेब. वापीकडून कधी इकडं आलात तर या. पोपटी खायला घालतो."

त्याने फोन खिशात टाकला, स्कूटरवर बसला आणि किक मारली.

"बरं केलंस," आबाजी मागून म्हणाले.

मनोजने गाडी बंद केली. मान वळवली. "काय म्हणालात?"

"बरं केलंस, म्हणालो. आता परत नाय म्हणणार."

"दोनदा म्हणालात, आबा."

आबाजींनी थोडा विचार केला. रस्ता मोकळा होता, ओळखीचं कोणी बघत नव्हतं, आणि तोंड एवीतेवी उघडलंच होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "चल आता."